टाळ थांबेनात तेव्हा

चाकणच्या कारखान्यात मी शिफ्ट सुपरवायझर. आधी लाइन चालू ठेवा, तक्रारीचं मग बघू, हा माझा खाक्या. त्यामुळे दिंडीत सुरुवातीपासूनच माझी चिडचिड. पुणे ते सासवड तीसेक किलोमीटरची चाल, आणि आमचे विणेकरी अण्णा चालणार सगळ्यात मागच्या म्हातारीच्या बेताने. दिवेघाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या, तेव्हा न राहवून बोललो, "बघा अण्णा, चढ आला की जोर वाढवावा लागतो."

"बैल वाढवले माउली. चाबूक नाही," अण्णा म्हणाले.

वाल्ह्याला पोचलो तर पाऊस, आणि आमच्या जागेवर दुसऱ्याच दिंडीचा ट्रक. तंबू ठोकायला उरला फक्त चिखल. मी भांडायला निघालो होतो. दिंडीचालकांनी अडवलं. "आरतीला सांगू."

संध्याकाळी समाजआरतीला सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहिल्या. टाळमृदंगाचा कल्लोळ. मग चोपदारांनी दंड उंचावला, 'होऽऽ' अशी आरोळी दिली आणि मेन स्विच पाडावा तसा अख्खा तळ गप्प! या सोहळ्याची घडी हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमारास बसवली. ते शिंद्यांच्या पदरचे सरदार, तेव्हा ही शिस्त मला लगेच पटली.

पण आमचे टाळ वाजतच होते. मीही थांबलो होतो, अण्णांनी कोपराने ढोसलं, "वाजव." सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. टाळाची दोरी बोटात रुतत होती आणि कान तापले होते. हजारो लोक आमच्यापायी खोळंबलेत, या विचाराने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाकी कुणाच्या कपाळावर आठी नव्हती. टाळ थांबत नाहीत म्हणजे त्या दिंडीची काहीतरी तक्रार आहे, हे तिथं पोरासोरांनाही ठाऊक असतं.

चोपदार चिखल तुडवत आमच्यापर्यंत आले. चालकांनी दोन वाक्यांत गाऱ्हाणं सांगितलं. ट्रकवाल्यांना बोलावणं गेलं. त्यांचा पाटा तुटला होता, ट्रक जागचा हलणार नव्हता. चालक क्षणभर थांबले. "मग राहू द्या. आज आम्ही कडेला सरकतो. लोणंदला मात्र आमची जागा आम्हाला." चोपदारांनी मान डोलावली, टाळ थांबले. मग सापडलेल्या वस्तू पुकारल्या, एक चष्मा, एक पिशवी. उद्या निघायची वेळ सांगितली आणि आरती झाली.

रात्री ट्रकवाल्यांकडून पिठलं-भाकरी आली. वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून अण्णांनी ती दुसऱ्याच्या गळ्यात घातली आणि माझ्या शेजारी आडवे झाले.

"तुमच्या कारखान्यात कुणाचं गाऱ्हाणं असलं की काय वाजतं?"

"काही नाही," मी म्हटलं.

अण्णा कुशीवर वळून घोरायलाही लागले. मला आमचा एक वेल्डर आठवत राहिला. तीनदा माझ्या केबिनच्या दारापर्यंत येऊन गेला होता. चौथ्यांदा आला तो राजीनामा घेऊन.