‘इश्यू किती?’

डिचोलीत एका वकिलांकडे मी दस्तांची भाषांतरं करते. इंग्रजीतला मसुदा सही करणाऱ्याला मराठीत वाचून दाखवायचा आणि त्याला तो खरंच कळला का ते बघायचं, हे माझं मुख्य काम. बहुतेक जण पहिलं पान संपायच्या आत "कळलं, सही कुठे करू?" म्हणतात. त्या दिवशी मात्र मसुदा उघडायच्या आधीच भांडण दारात आलं.

एक घर आणि काजूची बागायत, दोन्ही आजोबांच्या नावावर. तीन मुलगे, तिघेही आज हयात नाहीत. वारसा दस्ताचा मसुदा थोरल्याच्या बायकोने भलत्याच एका टायपिस्टकडून करून घेतला होता. त्यात मधला भाऊ ‘विदाऊट एनी इश्यू’ वारला, असं लिहिलेलं. आणि त्या मधल्या भावाची मुलगी, सावंतवाडीला दिलेली, माझ्या टेबलासमोर उभी. कुणीतरी तिला पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला होता, तिच्या नवऱ्याने अर्थ सांगितला होता.

"काकी, तुझ्या हातचं जेवून वाढले मी. आणि माझ्या बाबांना मूलच नव्हतं म्हणून लिहून दिलंस?"

काकी बघतच राहिल्या. "मूल नव्हतं असं कोण म्हणतंय? त्या टायपिस्टानं विचारलं, मधल्या दिराला इश्यू? मी म्हटलं, कसला इश्यू? देवमाणूस तो. आमच्यात कधी वर शब्द गेला नाही."

जावई काही पाघळला नाही. त्याचा संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता. आजोबांच्या मिळकतीतला वडिलांचा वाटा त्यांच्या मागे मुलीकडे यायचा. मुलगीच नाही म्हटलं की तो भाऊबंदांकडे वळतो. एका ओळीत बागेचा हिस्सा गायब! शिवाय गोव्यात मुलगी म्हणून कमी वाटा, असली पळवाट नाही. १८७० पासून इथे लागू झालेल्या पोर्तुगीज नागरी कायद्याने वारशात मुलगा-मुलगी सारखेच धरले. हे त्या माणसाला नीट माहीत होतं.

मी काकींना सहज विचारलं, "आणि तुमच्या यजमानांना इश्यू किती होते?"

"त्यांना ना? होते की बरेच. आधी शुगरचा, मग किडनीचा. शेवटी तर डोळ्यांचासुद्धा."

काकींना दोन मुलगे आहेत. त्यातला एक मागेच बाकावर बसला होता. त्याने कपाळाला हात लावला. जावई पहिल्यांदा हसला आणि खुर्ची ओढून बसला.

त्यांचं तरी काय चुकलं? आपल्या बोलण्यात हा शब्द आला तो कटकट, भानगड, दुखणं या अर्थाने. गाडीत इश्यू, नेटवर्कचा इश्यू, सासूशी इश्यू. खुद्द इंग्रजीतही हा अर्थ तसा अलीकडचाच. मूळ लॅटिनमधलं, ‘बाहेर जाणं’ या अर्थाचं. ‘एक्झिट’ त्याच कुळातला. मग जे जे बाहेर पडतं ते सगळं इश्यू. मासिकाचा अंक, कंपनीचे शेअर, ग्रंथालयातून दिलेलं पुस्तक, कोर्टातून निघालेलं समन्स आणि माणसापासून निघालेली संतती. कायद्याच्या इंग्रजीत हा शेवटचा अर्थ घट्ट बसला आहे. दहा पोरं असली तरी शब्द एकवचनीच राहतो, आणि त्यात नातवंडं-पणतवंडंही येतात. गंमत म्हणजे त्याच कोर्टात वादाच्या मुद्द्यालाही इश्यूच म्हणतात. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला चौदावा आदेश सगळा त्यावरच आहे : एका पक्षाने महत्त्वाची गोष्ट मांडली आणि दुसऱ्याने नाकारली, की इश्यू उभा राहतो. म्हणजे काकींचा ‘भांडण नाही’ हा अर्थही कोर्टाच्या दारात अगदीच परका नाही, फक्त तो या ओळीत बसत नाही. लग्नाच्या जाहिरातींत ‘इश्यूलेस घटस्फोटित’ छापतात, ते वाचूनही कटकट नसलेला नवरा मिळेल असं समजणारी माणसं मी पाहिली आहेत.

मला राग आला तो टायपिस्टचा. डिचोलीतल्या सत्तरीच्या बाईला ‘इश्यू’ विचारायचं कशाला? ‘मुलंबाळं किती’ म्हणायला काय जड जातं? जुना मसुदा उघडायचा, नावं बदलायची, मोकळं व्हायचं.

मधल्या भावाची ओळ मी पुन्हा लिहिली : त्यांच्या मागे एकुलती एक मुलगी. धाकटा अविवाहितच गेला, त्याच्याबाबत मूळ इंग्रजी बरोबर होतं. मराठी वाचनात काकींच्या मुलाने सुचवलं, "निपुत्रिक म्हणा." मी ‘निःसंतान’ घेतलं. निपुत्रिक म्हणजे काटेकोरपणे पुत्र नसलेला. उद्या कुणी तोच शब्द उचलून मधल्या काकांनाही लावला असता, आणि शब्दार्थाने तो खोटाही ठरला नसता.

मग सगळा मसुदा पहिल्यापासून वाचला. काकींनी प्रत्येक परिच्छेदाला थांबवून विचारलं, "म्हणजे काय?" मला असं गिऱ्हाईक आवडतं. पुतणी त्यांच्या शेजारी येऊन बसली होती, पण बोलणं अजून तुटकच होतं.

सही त्या दिवशी झालीच नाही. लग्नात मुलीचं नाव बदललेलं. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरंच. दस्तात दोन्ही नावं ‘उर्फ’ लावून द्यायची आणि जोडीला दाखले लावायचे ठरलं. जन्मदाखला सावंतवाडीच्या घरी होता. "मी घेऊन येते," ती म्हणाली, आणि काकींच्या मुलाला मोटारसायकल काढायला सांगितली, शेवटची बस चुकू नये म्हणून.