सादळलेल्या काड्या

पावसाळ्यात कोकणात सिगारेट ओढणं हे चिकाटीचं काम. काड्या सादळतात. ओढली की गुल पेटीच्या कडेला तपकिरी फराटा काढून गळून पडतो आणि हातात नुसता काटका राहतो. आमच्याकडे काडेपेटी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची पद्धत. त्यामुळे रागाने फणफणत मी कोपरापर्यंत हात तांदळात घालून पेटी शोधतोय, हे दृश्य घरच्यांनी वर्षानुवर्षं पाहिलंय. शोधेपर्यंतच निम्मा राग उतरलेला असायचा. श्रेय मात्र सिगारेटला.

पहिला झुरका मारला तो वडील गेले त्या दिवशी, मांगराच्या मागे. काकांनी पेटवलेली सिगारेट पुढे केली आणि म्हणाले, "घे, एक झुरको मार. बरा वाटतला." दुसरं काय बोलावं हे त्यांनाही सुचलं नसावं. आमच्यात पुरुषमाणसाचं सांत्वन असंच करतात. गावाची राखण करणाऱ्या देवचारालासुद्धा आम्ही विडी ठेवतो, तिथे माणसाचं काय! मला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुराने आलं असं म्हणायची सोय झाली. त्या दिवशीचं रडणं तिथेच संपलं.

मग ती सोयच सवय झाली. नोकरीतला अपमान, आईचं आजारपण, बागेला मोहोर न धरणं, सगळ्याला उत्तर एकच: वेंगुर्ल्याच्या बंदरावरची टपरी. २०२० साली महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायला बंदी आली, तेव्हा पाकीट घेऊ लागलो. पाकिटाचा ८५ टक्के भाग त्या भयंकर चित्राने व्यापलेला. मी ते खिशात पालथं ठेवायचो. मागच्या बाजूलाही तेच चित्र असतं, हे माहीत असूनही.

सिगारेटने मन शांत होतं यावर माझा इतका विश्वास होता की हिशेब करायचं कधी सुचलंच नाही. झुरक्यातलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं निम्मं होतं. म्हणजे रात्री अकराची शेवटची सिगारेट सकाळी सातपर्यंत जवळजवळ उतरलेली. तेव्हा जी चिडचिड व्हायची तिचं खापर मी बायकोच्या चहावर फोडायचो: साखर कमी, आलं जास्त. मग बाहेर जाऊन एक ओढली की जग पुन्हा सुसह्य. हा सावकारी व्यवहार होता. माझ्याच खिशातून काढलेले पैसे सावकार मला उसने देत होता आणि मी त्याचे पाय धरत होतो. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यासांचा एक आढावा आला होता. सिगारेट सोडलेल्यांची चिंता आणि उदासी, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत, कमी झालेली आढळली. मला वाटत होतं त्याच्या बरोबर उलट!

अर्थात सगळंच खोटं नव्हतं. भांडणातून उठून बाहेर जाणं, पाच मिनिटं दर्याकडे बघणं, लांब श्वास घेणं, हे खरंच उपयोगी पडायचं. पण त्याला सिगारेट कशाला लागते? लागते. नुसताच उठून बंदरावर जाऊन उभा राहिलो तर चार जण विचारतील, "काय रे, काय झाला?" हातात सिगारेट असली की कोणी काही विचारत नाही.

गेल्या जूनमध्ये सोडली. पहिले तीन-चार दिवस घरच्यांनीच सोसले, त्याबद्दल लिहीत नाही. जुलैत मुंबईहून भावाचा फोन आला. विषय जुनाच, गावचं घर विकायचं. तीन वर्षं या विषयावर मी "थांब, मग करतो फोन" म्हणून बंदर गाठत आलो होतो. सिगारेट संपायची, फोन राहायचा. या वेळी जायला जागाच नव्हती. मासेमारी बंद, होड्या ओढून वर घेतलेल्या, बाहेर पाऊस आणि खिसा रिकामा. पडवीत उभा राहून शेवटी म्हणालो, "घर विकलंस तर बाबांका मी खंय शोधू?"

आवाज फाटला. पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मग लायटरचा खटका ऐकू आला, एकदा, दोनदा.

"थांब," भाऊ म्हणाला, "मगे करतंय फोन."