सोळाशे मीटर आणि विणेकरी

हरिनाम सप्ताहाच्या दिवसांत पहाटे साडेचारला गावाबाहेरच्या रस्त्यावर दोन प्रकारची माणसं दिसतात. एक काकड्याला निघालेली, दुसरी भरतीची तयारी करणारी. भरतीच्या पोराच्या मुठीत मोबाइल, त्यावर सेकंद धावतायत. काकड्याच्या म्हाताऱ्याच्या डोक्याला मफलर, गळ्यात माळ, पायात झिजून सपाट झालेली चप्पल. दोघं एकमेकांना ओलांडून जातात. या माणसाचं आपल्याशी काही काम असेल, असं दोघांपैकी कुणालाच वाटत नाही.

पोरांचं गणित तसं सोपं आहे. पोलीस शिपाई भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, ५० गुणांचं: सोळाशे मीटरला २०, शंभर मीटरला १५, गोळ्याला १५. सोळाशे ५ मिनिटे १० सेकंदांत मारलं तर वीसपैकी वीस. पुढं टप्प्याटप्प्यानं गुण गळत जातात. चारशे मीटरच्या मैदानावर चार राउंड, म्हणजे एका राउंडला साडेसत्त्याहत्तर सेकंद. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं आणि शिट्टी वाजली की सगळे विसरतात. पाय ताजे असतात, आजूबाजूची पोरं कोपरं मारत सुटलेली असतात, त्यामुळे पहिला राउंड ६८ मध्ये जातो. दुसरा ७५. तिसऱ्याला मांड्या जड होतात, ८४. चौथ्याला मान मागं, छाती पुढं आणि पाय जागच्या जागी, ८६. बेरीज ५ मिनिटे १३. तेच पोरगं ७८, ७८, ७८ आणि ७६ असं पळालं असतं तर ५:१० ला आत. पहिल्या दोन राउंडांत कमावलेल्या १२ सेकंदांचे पुढच्या दोन राउंडांत १५ द्यावे लागतात. सावकारसुद्धा पाच मिनिटांत एवढं व्याज लावत नाही.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, ८ मिनिटे ११.२० सेकंदांत पळाला आणि रौप्यपदक घेऊन आला. सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या विसाव्या हिश्श्यानं. बीडकडची पोरं हा आकडा अभिमानानं सांगतात. तो पदकाचा वेग आहे, सुरुवातीच्या चारशे मीटरचा नाही, एवढं मात्र त्यांच्या ध्यानात येत नाही. शेजारचा पुढं गेलेला पाहवत नाही, इथंच सगळं बिघडतं. आणि या दुखण्यावर गावातला विणेकरी, म्हणजे दिंडीत आणि सप्ताहात गळ्यात वीणा घेणारा माणूस, भरतीच्या अकॅडमीतल्या सरांपेक्षा चांगला उतारा आहे, असं माझं मत आहे.

विणेकरी जन्मात कधी पळालेला नसतो. एसटी सुटली तरी पळत नाही, दुसरी येईल म्हणतो. पण दिंडीतली त्याची जागा बघा. पताका पुढं, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये मृदंग, आणि वीणा त्या सगळ्यांच्या मागं. पुढच्याला कितीही जोर आला तरी वीणा पोचल्याशिवाय दिंडी पोचली असं कुणी म्हणत नाही. शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई करत जाते, तेव्हा त्या दोन सरळ रांगांकडे रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहावं. घाई केलेला एक पाय दिसत नाही, आणि मुक्काम मात्र चुकत नाही.

असला माणूस पोराला आधी विचारतो, "येवढं कामून पळायलास लेकरा? मागं कुत्रं लागलंय का?" मग सांगतो, "नाम घेत पळ. नाम तुटलं की पाय आवर."

ऐकायला भाबडं वाटतं. करून पाहिलं की त्यातली अक्कल कळते. चार पावलांत 'ज्ञानबा तुकाराम' म्हणायचं, पुढच्या तीन पावलांत श्वास आत घ्यायचा. सात पावलांचं एक आवर्तन. सात विषम असल्यामुळे श्वास सोडायला सुरुवात होते तेव्हा दर खेपेला तोच पाय जमिनीवर येत नाही. नाम मनातल्या मनात घ्यायचं नाही, ओठांनी घ्यायचं, शेजारच्याला ऐकू जाईल एवढं. मनातलं नाम कधीच तुटत नाही. मन खुशाल खोटं बोलतं. ओठांना ते जमत नाही. वेग वाढला की आधी 'राम' गिळला जातो, मग 'तुका' अर्ध्यावर राहतो आणि शेवटी तोंडातून नुसती हवा येते. 'राम' गेला तिथंच वेग उतरवायचा. जगभरचे प्रशिक्षक हेच सांगतात, की हलक्या धावेत पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. फरक एवढाच की गप्पांचं वाक्य लहान-मोठं करून माणूस स्वतःला फसवतो, नामाला तशी सोय नाही.

आठवड्यातल्या सहा दिवसांपैकी चार दिवस असंच पळायचं, सहा ते आठ किलोमीटर. एक दिवस चारशेचे सहा राउंड, प्रत्येक ७७-७८ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं. पहिला राउंड ७२ मध्ये मारला तर तो बाद धरायचा, शाबासकी नाही. एक दिवस शंभर आणि गोळा. जोराच्या दिवशी अख्खं नाम टिकत नाही आणि टिकायची गरजही नाही; तिथं दोन पावलांना 'विठ्ठल', दोन पावलांना श्वास. ओठांवर नाम आलं की कानातले इअरफोन आपोआप निघतात, हा वरकड फायदा. उसाच्या दिवसांत मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या पहाटेच रस्त्यावर असतात, त्यामुळे कान मोकळे हवेतच. त्यापेक्षा जायकवाडीच्या कालव्याच्या कडेचा मुरमाचा रस्ता मिळाला तर उत्तम. डांबरी रस्त्याची कड उतरती असते. रोज तिच्यावरून पळालं की एक पाय कायम खाली पडतो आणि महिनाभरात गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागते. काळ्या रानातली पाऊलवाट उन्हाळ्यात चांगली. पहिल्या पावसानंतर तिचं नाव काढू नये.

हे झालं पळण्याचं. विणेकऱ्याची खरी तालीम सप्ताहात असते. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, दर दोन तासांनी पहारा बदलायचा. रात्री एक ते तीनचा पहारा कुणालाच नको असतो. म्हातारा तोच पोराच्या गळ्यात घालतो. वीस वर्षांचं गडी, दंड-बैठका मारणारं, पाऊण तासात त्याला घाम फुटतो. कारण तो पहाऱ्याला सावधान उभं राहिल्यासारखा उभा असतो, गुडघे ताठ आणि पोटऱ्या दगड. पोटऱ्या हलल्या नाहीत की रक्त खालीच साचतं, डोक्याला कमी पडतं आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. म्हातारा गुडघे किंचित सैल ठेवून टाचेवरून चवड्यावर, चवड्यावरून टाचेवर असा सारखा झुलत असतो. भाव म्हणा, शरीरशास्त्र म्हणा, त्यानं रक्त वर चढत राहतं. तीच गत खांद्यांची. नवखा वीणा आवळून धरतो, खांदा कानाला लागतो आणि मानेत कळ येते. म्हातारा भोपळ्याखालून हळूच बोट लावतो, "सोड. ती पडत नाही, पट्टा हाय गळ्यात." तिसऱ्या राउंडला वर चढणारा खांदा हाच असतो. तिथंही मूठ सैल पाहिजे, अंगठा तर्जनीला जेमतेम टेकलेला, कोपर बरगडीजवळून जाणारं.

दुसऱ्या तासाला पाय दुखायचे थांबत नाहीत. पोरगं त्यांच्याकडे बघायचं थांबतं. घड्याळ भिंतीवर असतं आणि मंडपात दोघं-तिघं घोरत असतात. पाहणारं, टाळ्या वाजवणारं, पुढं जाणारं कुणी नसतं. कुणाशीच तुलना न करता इतका वेळ काढण्याची सवय या पोरांना दुसरीकडे कुठं लागायची? ग्राउंडच्या दिवशी पहाटे रांगेत उभं केल्यावर नंबर दुपारी येतो, तेव्हा अर्धी पोरं वाट बघूनच थकलेली असतात. पहारा केलेलं पोरगं सावली धरून बसतं, थोडं-थोडं पाणी पितं आणि नंबराच्या अर्धा तास आधी अंग मोकळं करायला उठतं.

पहारा बदलतानाचा प्रकार जवळून बघण्यासारखा आहे. पट्टा एका गळ्यातून निघून दुसऱ्या गळ्यात जातो, वीणा हवेतच राहते. त्याआधी दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. वयाची बात नाही. सत्तरीचा म्हातारा गुडघ्यावर हात टेकत वाकतो आणि परवा ज्याला कुत्र्यावरून बोलला त्याच्या पायांना हात लावून म्हणतो, "माउली, सांभाळा." पोराला पाय कुठं लपवावे कळत नाही. मागं सरावं तर वीणा अंगावर येते. तो तसाच उभा राहतो, आणि मग घाईघाईनं म्हाताऱ्याहून खाली वाकायला जातो. चार-पाच पहारे झाले की ही घाई जाते. मैदानावर आपल्याला मागं टाकून गेलेल्या पोराच्या पाठीवर थाप मारायलाही मग त्याला जड जात नाही. अध्यात्म वगैरे शब्द म्हातारा काढत नाही. काढलाच तर हरिपाठाला दहा मिनिटं उशीर होईल, हीच त्याला जास्त काळजी.

पण म्हाताऱ्याचं सगळंच ऐकायचं नाही. निर्जळी एकादशी करून जोराचे राउंड मारायला जाणं हा शुद्ध वेडेपणा आहे. एकादशी पाळायची तर पाण्यावर पाळावी, भगर-शेंगदाण्याची आमटी पोटभर खावी आणि त्या दिवशी सावकाश धाव ठेवावी. गोळा फेकण्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही, तिथं सरच पाहिजेत. आणि माळ घातल्यावर अंडी बंद होतात, त्याचा हिशेब आधी करावा. साठ किलोच्या पळणाऱ्या पोराला दिवसाला ८५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. दिवसभरात पाच ज्वारीच्या भाकरी, दोन वाट्या वरण, मूठ-दीड मूठ शेंगदाणे, भिजवलेले हरभरे आणि अर्धा लिटर दूध एवढं झालं की आकडा जवळपास भरतो. वरून वाटीभर दही घेतलं की काम झालं. नुसत्या चहा-बिस्किटावर चार किलोमीटर पळणारी माळकरी पोरं महिनाभरात बारीक होतात आणि दोष माळेला लागतो.

आणखी एक. सप्ताह संपतो काल्याच्या कीर्तनानं, त्यामागून पंगत. गव्हाची खीर, पुरी, वरण-भात. वाढायला विणेकरी स्वतः उभा असतो, आणि सात दिवस पोराला पाय आवरायला शिकवणारा हा माणूस हातात खिरीची बादली आली की काहीच आवरत नाही. पोरानं नको म्हणून ताटावर हात धरला तर बोटांवरून वाढतो. त्यामुळे काल्याच्या दुसऱ्या दिवशी चारशेचे राउंड ठेवू नयेत.