मशीन माझ्या खांद्यालाच

माझं सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वास चालू ठेवणारं यंत्र, मी विमानप्रवासात चेक-इनला देत नाही. कुणी कितीही गोड बोललं तरी नाही. या एका बाबतीत मी हट्टी झाले आहे, आणि त्याला कारण आहे.

स्लीप अ‍ॅप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजाराचं, निदान झालं तेव्हा माझा एएचआय 38 होता. म्हणजे झोपेत तासाला सरासरी 38 वेळा माझा श्वास थांबायचा किंवा अर्धवट व्हायचा. 30 च्या पुढे आकडा गेला की डॉक्टर त्याला गंभीर म्हणतात. मला यातलं काही कळत नव्हतं, कळायचं ते ह्यांना. घोरणं मध्येच बंद पडायचं, खोली एकदम शांत व्हायची, आणि मी पुन्हा श्वास घेईपर्यंत हे उठून बसलेले असायचे. मशीन आल्यावर आम्ही दोघंही झोपायला लागलो.

त्यानंतरच्या पहिल्याच विमानप्रवासात, लेकीकडे जाताना, मी ते मोठ्या सुटकेसमध्ये कपड्यांत गुंडाळून ठेवलं. नीट जपून ठेवलंय असंच वाटत होतं. मी पोचले, सुटकेस पोचली नाही. ती दोन दिवसांनी आली. कपडे लेकीचे घालता आले, मशीनचं काय करणार? त्या दोन रात्री मी पाठीला उशा लावून बसल्या बसल्या डुलक्या काढल्या. लेक शेजारी जागी होती. मी शांत झाले की मला हलवायची. तिच्या वडिलांनी इतकी वर्षं केलेलं जागरण आता तिच्या वाट्याला आलं, हे मला फार लागलं.

तेव्हापासून मशीनची पिशवी वेगळी, त्यात दुसरं काहीही नाही. अमेरिकेच्या नियमांत असं उपकरण हातातल्या सामानाच्या मोजणीत धरतच नाहीत. इतरही बऱ्याच विमान कंपन्या वैद्यकीय उपकरण म्हणून ते वेगळं नेऊ देतात. तरी विमान भरलेलं असलं की गेटवर कुणीतरी म्हणतंच, ‘वर जागा नाही, ही पिशवी खाली पाठवू.’ त्या वेळी डॉक्टरांचं पत्र कामाला येतं. आजार, मशीनचं नाव आणि प्रेशर (माझं 11 आहे) एवढं त्यात असलं की पुरे. एक प्रत पिशवीत, एक पर्समध्ये.

सुरक्षा तपासणीत मशीन बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगतात. त्या ट्रेमध्ये लोकांचे बूट जाऊन आलेले असतात, आणि मला त्याच मशीनची हवा रात्रभर नाकात घ्यायची असते. म्हणून मी ते आधीच स्वच्छ पारदर्शक पिशवीत घालते. अधिकाऱ्यांना हात लावून पाहायचं असेल तर ‘कृपया नवे हातमोजे घाला’ असं सांगते. आजवर कुणी रागावलेलं नाही.

मशीनची हवा दमट करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या पाण्याच्या टाकीचं मात्र कळकळीने सांगते: घरून निघतानाच ती पूर्ण रिकामी करा, पुसून कोरडी करा. पिशवी आडवी झाली आणि टाकीतलं उरलंसुरलं पाणी मोटरकडे गेलं, तर मशीन बिघडू शकतं.

व्होल्टेजची भीती सोडा. बहुतेक मशीनच्या अडॅप्टरवर 100 ते 240 व्होल्ट छापलेलं असतं. लागते ती फक्त त्या देशाची पिन. तेवढं एकदा वाचून खात्री करा.

विमानात झोपायचं धाडस मी उशिरा केलं. केबिनमधला दाब 8,000 फूट उंचीवरच्या हवेइतका उतरलेला असू शकतो. तिथे सगळ्यांच्याच रक्तातला ऑक्सिजन थोडा खाली येतो, मग माझ्यासारखीने मशीनशिवाय का झोपावं? 48 तास आधी कंपनीला कळवलं आणि मशीनच्या खालच्या लेबलवर विमानात वापरायला चालतं असं लिहिलंय ते पाहिलं. सीटजवळच्या प्लगचा भरवसा नसतो, म्हणून बॅटरी घेतली: 24 व्होल्ट, 4 अँपिअर-तास, म्हणजे 96 वॉट-तास. 100 च्या आत असल्याने वेगळी परवानगी लागली नाही. 100 ते 160 च्या मधली असेल तर कंपनीला विचारावं लागतं. सुटी बॅटरी केबिनमध्येच न्यायची, चेक-इनच्या सामानात टाकायची नाही. ह्युमिडिफायर बंद ठेवला की ती बरीच जास्त टिकते. घसा कोरडा पडतो, पण तेवढं मी सोसते.

मशीन समोरच्या सीटखाली ठेवलं, एअरप्लेन मोड लावला, नळी खांद्यावरून घेतली आणि मास्क चढवला. शेजारच्या बाईंना आधी सांगून ठेवलं होतं, ‘हे झोपेत श्वास चालू ठेवण्यासाठी आहे, आवाज होणार नाही.’ त्यांनी मान हलवली आणि आपला दिवा मालवला. इंजिनाच्या आवाजात मशीनचा आवाज मलाही ऐकू आला नाही.

लेकीकडे पोचल्यावर मशीन आधी चालू करून तिला स्क्रीन दाखवली. 4 तास 10 मिनिटं, एएचआय 2.4. तिने आकडा दोनदा वाचला, आणि त्या रात्री आपल्या खोलीत जाऊन झोपली.