टार्डेबिगची तीस लॉक्स: 'दोन-अडीच तास' म्हणणाऱ्याचं ऐकू नका

बोट भाड्याने देणाऱ्याने नकाशावर बोट फिरवत सांगितलं, "टार्डेबिग? दोन-अडीच तास." आम्हाला साडेसात लागले.

कालवा इंग्लंडमधला वूस्टर-बर्मिंगहॅम, १८१५ साली पूर्ण झालेला. एप्रिलचा दुसरा आठवडा. मी, बायको, ताई आणि दाजी. स्टोक प्रायरहून निघालो. सुरुवातीची सहा लॉक्स (दोन्हीकडे दारं असलेले हौद; पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात) गंमत म्हणून होतात, फोटोबिटो काढून घ्या. मग स्टोक पाउंडपासून सलग तीस, हीच टार्डेबिगची. साडेतीन किलोमीटरांत २२० फूट चढ. ब्रिटनमध्ये लॉक्सची याहून लांब रांग नाही.

खरा घोळ चढाचा नाहीच. वर जायचं तर लॉक रिकामं लागतं. समोरून एखादी बोट उतरून आली असेल तर ते आयतं मिळतं. आमच्या पुढे मात्र एक बोट चढत होती, म्हणून प्रत्येक लॉक काठोकाठ भरलेलं. आधी ते रिकामं करा, बोट आत घ्या, मागची दारं लावा, विंडलस (हातात धरायचा सुटा लोखंडी दांडा) फिरवून पुढचं पॅडल, म्हणजे पाणी सोडणारी झडप, उचला, पाणी चढेपर्यंत थांबा, मग दाराच्या लांब दांड्याला पाठ लावून रेटा. एकेकाला पंधरा मिनिटं. तीस गुणिले पंधरा हे गणित मी निघण्याआधी करायला हवं होतं.

म्हणून दोघांत जाऊ नका. चौघं हवेत: एक सुकाणूवर, दोन लॉकवर, एक पुढे चालत जाऊन पुढचं लॉक तयार करणारा. हे काम दाजींनी केलं, साठीच्या माणसाने, भर गारांत. "माझं वजन वाढलंय" म्हणणाऱ्या ताईने तर दारं एकटीने ढकलली.

हातमोजे न्याच. सतराव्या लॉकला माझ्या तळहाताचे फोड फुटले. विंडलस कधीही पॅडलच्या खुंटीवर तसाच सोडू नका; खिटी सुटली तर तो गरगर फिरतो आणि हाड मोडतो. आमचा नुसताच पाण्यात गेला. दोन न्या.

शेवटचं, अख्ख्या कालव्याच्या मोजणीत ५८ क्रमांकाचं लॉक साधारण अकरा फूट खोल आहे. संध्याकाळी तळाशी उभं राहिलं की चारी बाजूंनी शेवाळलेल्या भिंती गळत असतात आणि वर आभाळाची नुसती पट्टी.

त्यापुढे बर्मिंगहॅमपर्यंत एकही लॉक नाही. छान आहे, लिहिण्यासारखं काही नाही. वास्ट हिल्सच्या बोगद्यात रेनकोट घाला, छतातून गळतं.

परतीला तीच तीस उतरायची. उतरताना मागे पाण्याखाली दगडी उंबरठा असतो. भिंतीवर त्याची पांढरी खूण असते. तिच्या पुढेच राहा. बोटीची शेपटी त्यावर अडकली तर पाणी उतरतं आणि बोट नाकावर उभी राहते. दाजी दर लॉकला ओरडायचे, "पुढे घे रे!" मी चिडत होतो, पण बरोबर तेच होते.

बोट परत करताना त्या गंजलेल्या विंडलसचे २५ पौंड कापले. दुकानात नवा निम्म्यात मिळतो. जाताना तिथूनच एक जास्तीचा घ्या.