चौथीची सहल: सिद्धार्थ उद्यानातले वाघ, मगर आणि पुढे जाणाऱ्यांसाठी काही सूचना

आमच्या चौथीच्या मुलांना घेऊन बदनापूरहून छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातलं प्राणिसंग्रहालय पाहून आले. बसस्थानक जवळच असल्याने चालतही जाता येतं. शैक्षणिक सहलीला एसटी ५० टक्के सवलत देते, शाळेचं पत्र आगारात आधीच नेऊन द्या. पालकांची संमतीपत्रं आणि वरिष्ठांची परवानगी हाताशी असल्याशिवाय तारीख पक्की करू नका.

दार उघडताच आत जा आणि आधी थेट वाघ गाठा. थंडीतल्या कोवळ्या उन्हात पांढरा वाघ कुंपणालगत येरझाऱ्या घालत होता, त्याचे निळसर डोळे मुलांना अगदी स्पष्ट दिसले. ही वेगळी जात नाही, आपलाच पट्टेरी वाघ आहे. आई आणि बाप दोघांकडून एक दुर्मिळ जनुक आलं की रंग असा होतो. १९५१ साली आताच्या मध्य प्रदेशातल्या रीवाच्या जंगलात मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला, आज बंदिवासात दिसणारे बहुतेक पांढरे वाघ त्याच्याच वंशातले. हे तिथेच उभं राहून सांगितलं, म्हणून मुलांच्या डोक्यात पक्कं बसलं. दुपारी आलेल्या दुसऱ्या शाळेच्या वाट्याला मात्र झोपलेले वाघ आले.

मगरीपाशी घाई करू नका. "मॅडम, ही तर हालंना! खोटी हाय का?" असं एकाने विचारलं. मगर जबडा उघडा टाकून पडली होती. अंगातली उष्णता ती अशीच बाहेर टाकते, असं सांगत होते तेवढ्यात तिच्या डोळ्यावरून एक पातळ, पारदर्शक पापणी आडवी सरकली. मग मुलं तिथून हलेचनात. मला विचाराल तर सगळे पिंजरे उरकण्यापेक्षा अशा चारच ठिकाणी निवांत थांबा. सांबर आणि काळवीट दिसले तर शिंगं दाखवा: सांबराची दरवर्षी गळतात, काळविटाची जन्मभर राहतात.

दहा मुलांमागे एक शिक्षक हवाच. प्रत्येकाच्या खिशात शाळेचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. काचेवर थापा मारायच्या नाहीत, खायला टाकायचं नाही, हे बसमध्येच बजावून सांगा. डबे बाहेर हिरवळीवर सोडा. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी प्रवासात टिकते. कागद, पिशव्या भरायला एक पोतं सोबत घ्या.

प्राणिसंग्रहालयाला साप्ताहिक सुट्टी असते. शिवाय इथले प्राणी मिटमिट्याच्या नव्या सफारी पार्कमध्ये हलवण्याचं महापालिकेचं नियोजन आहे. तेव्हा निघण्याआधी फोन करून कोणते प्राणी कुठे आहेत ते विचारून घ्या.