चार अंड्यांना वळसा

दिंडीत सगळ्यात नवखा मीच. मामाच्या गावची दिंडी, नान्नजच्या अलीकडची. साठ-सत्तर माणसं, एक वीणा, एक पखवाज, डोक्यावर तुळस घेतलेल्या चार बाया आणि मागून येणारा भाकरी-पिठल्याचा टेम्पो. रथ नाही, घोडा नाही. आषाढीच्या तोंडावर निघायचं आणि मोहोळ, पेनूर, तुंगत करत दशमीला पंढरपूर गाठायचं, एवढाच नेम. मी सोलापूर शहरात वाढलेला. वारी म्हटलं की पुण्याकडून येणाऱ्या मोठ्या पालख्यांचे ड्रोनने काढलेले व्हिडिओ तेवढे पाहिलेले.

माझ्या झोळीत मात्र तीन किलो बिया होत्या. चिंच, करंज, सुबाभूळ. वाटेतल्या उजाड माळावर टाकत जायचं, वारीही होईल आणि चार झाडंही लागतील, असा हिशोब. मित्रांना तसं सांगूनही ठेवलं होतं. ते सांगितलं नसतं तर पुढची फजिती जरा कमी झाली असती.

पहाटे गाव सोडलं तेव्हा भुरभुर होती. पहिला तासभर द्राक्षबागा. नान्नज म्हणजे द्राक्षं, हे सोलापुरात पोरालाही ठाऊक. ‘सोनाका’ हा वाण इथल्याच नानासाहेब काळ्यांचा. सोलापूर, नान्नज, काळे यांची पहिली अक्षरं जोडून ते नाव झालं म्हणतात. बागा संपल्या, उडीद-तुरीची नुकती उगवलेली रानं संपली आणि पाणंद एका टेकडीला लागली. टेकडी म्हणजे काय, सह्याद्रीतल्या माणसाला हसू येईल. पाच मिनिटांत माथा. वर शेंदूर फासलेला म्हसोबा आणि एक वाकडी बोर. दिंडीचा पहिला विसावा तिथं असतो.

चढताना मी झोळीत हात घातला, तेवढ्यात मागून आबा म्हणाले, “काय पेरतूस रं?”

आबा म्हणजे आमचे टाळकरी. सत्तरी ओलांडलेले, जन्म मेंढरांमागं गेलेला. मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी मूठभर बिया तळहातावर घेतल्या, चिंचोका बाजूला काढला, सुबाभूळ बाजूला काढली. “चिंच ठेव, सडकंला लाव. ही बाकीची हितं नको.”

“का? उजाड तर आहे सगळं.”

“उजाड? चल, दावतो.”

पुढचा अर्धा तास मी अभंगाकडे लक्ष दिलं नाही, हे कबूल करतो. त्या उताराला हातभरसुद्धा माती नाही. वर मुरूम, खाली काळा कातळ, आणि वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. अशा जमिनीला गवतच शोभतं. पहिल्या पावसाने कुसळी आणि पवन्याचे कोंब नुकते फुटले होते, लांबून पाहिलं तर टेकडीला हिरवट पुटच चढलंय असं वाटावं. तरवडाला पिवळी फुलं होती. ओल्या मुरमावर मृगाचे किडे फिरत होते, लाल मखमलीचे. आमच्यातली एक मावशी अनवाणी चालायची. ती प्रत्येक किड्याला ‘सर रं बाबा’ म्हणत पाऊल टाकत होती.

आणि डोक्यावर डोंबारी. चिमणीएवढा पक्षी, पोट काळं. सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीला लागणार म्हणेपर्यंत शीळ घालत पुन्हा वर. नाव ज्याने ठेवलं त्याने दोरावरचा खेळ नक्की पाहिला असणार. आमचा पखवाजवाला वर बघता बघता ठेका चुकला.

खाली उतारावर काळवीट होते. एक काळा नर, बाकी माद्या आणि पाडसं. टाळ ऐकूनही पळाले नाहीत, माना वर करून उभे राहिले. आबा म्हणाले, “त्याला लांबचं दिसाय लागतं. हितं झुडपं झाली की लांडगा पार जवळ आला तरी कळायचं न्हाई. मग ते हितं ऱ्हाईल कशाला?” समोरच्या टेकाडाकडे बोट केलं. तिथं चर खणून गिरिपुष्पाची लागवड झालेली. लांबून छान हिरवंगार दिसत होतं. “तितं आदी माळढोक नाचायचा.”

आबा या माळढोक पक्ष्याला हूम म्हणतात, त्याच्या आवाजावरून. नर गळ्याची पिशवी फुगवतो आणि घुमतो, तो हुंकार माळावर लांबवर ऐकू जातो. आबांनी तो लहानपणी ऐकलाय, मी फक्त एस.टी. स्टँडजवळच्या भिंतीवर रंगवलेला पाहिलाय. 1979 साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं, तेही 8,496 चौरस किलोमीटरचं! गावंच्या गावं त्यात आली, जमिनीचे व्यवहार अडले आणि शिव्या बसल्या त्या पक्ष्याला. पुढे क्षेत्र कमी करून सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर पक्षीच उरले नव्हते म्हणायचे. मादी घालणार एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर. त्यात मोकाट कुत्री आली, विजेच्या तारा आल्या. जड पक्षी, समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही.

हे चाललं असतानाच पुढे एकदम गलका झाला. टिटवी. डोळ्यांपुढं पिवळी कातडी लोंबणारी, माळावरची. एक पक्षी विणेकऱ्याच्या डोक्यावरून झेपा घेत होता, दुसरा पंख पाडून लंगडत दूर पळत होता. विणेकरीबुवा जागीच थांबले. वीणा थांबली की दिंडी थांबते. बुवांच्या पावलापासून दोन हातांवर, चार खड्यांच्या मधोमध चार अंडी. मुरमाच्याच रंगाची, टोकं आत वळवलेली. दाखवली नसती तर मी पायच दिला असता.

चोपदारांनी काठी आडवी धरली आणि अख्खी दिंडी दोन फाट्यांत फुटून अंड्यांना डावं-उजवं घालत पुढे गेली. “माउली, खाली बघून. माउली, खाली बघून.” अर्ध्या लोकांनी वाकून हात जोडले. मावशी खुश होती: टिटवी उंचावर अंडी घालते ते पाऊस चांगला असला की, आणि अंडी चार म्हणजे चारही महिने पडणार. हवामान खात्यापेक्षा तिचा यावर विश्वास जास्त. म्हसोबापाशी आम्ही नेहमीसारखे बसलो नाही. आरती झाली, गूळ-शेंगा चालता चालताच वाटल्या. वाऱ्यात अंडी फार वेळ उघडी राहायला नकोत म्हणून.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. मोहोळच्या पुढे वाहनांची गर्दी, पायाला फोड, तुंगतला रात्रभर मुसळधार आणि गळणारा मांडव. चिंचोके मी पेनूरच्या पुढे सडकेच्या कडेनं टोकले. पंढरपुरात दर्शनबारी एवढी लांब की कळसाचं दर्शन घेऊन परतलो. आबांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी म्हणे चाळीस वर्षांत चार-पाच वेळाच आत पाऊल टाकलंय.

तीन आठवड्यांनी त्यांना फोन केला. मेंढरांचा आवाज येत होता.

“आबा, टिटवीचं काय झालं?”

“दोन पिल्लं पळत्यात. दोन अंडी खोकडानं न्हेली वाटतं.” मग जरा थांबून, “त्याचीबी पिल्लं हायती, खालच्या बांधाला.”

करंज आणि सुबाभळीच्या बिया अजून माळ्यावर आहेत, झोळीसकट.